ग्राहक, रसिक आणि पाठीराखा

मराठीच्या चर्चासत्रांत जागतिकीकरणाचा विषय निघाला की एक मुलगा हमखास साक्षीला उभा केला जातो. तो तालुक्याच्या गावचा असतो, त्याच्या अंगात इंग्लंडमधल्या एखाद्या फुटबॉल क्लबचा सदरा असतो आणि आपल्या मातीतला एकही खेळ त्याने धड पाहिलेला नसतो. वक्ते त्याला 'मुळे तुटलेला' ठरवतात, सभागृह माना डोलावते, चहाची सुटी होते. कराडलगतच्या मलकापुरात आम्ही ही मुले रोज पाहतो आणि त्यांना शिकवतोही. हा निवाडा आम्हांला मान्य नाही. संहिता न वाचता लिहिलेल्या परीक्षणाची जी किंमत, तीच त्याची.

या मुलाचा आठवडा आधी नीट वाचावा. इंग्लंडात शनिवारी दुपारचे तीन वाजतात तेव्हा हिवाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण होत नाही. हे बंधन १९६०च्या दशकापासूनचे आहे. म्हणजे मँचेस्टरमधल्या म्हाताऱ्याला घरी बसून जो सामना दिसत नाही, तो मलकापूरच्या पोराला मोबाइलवर दिसतो. आठवड्याच्या मधला सामना रात्री दीड वाजता सुरू होतो. तोही तो पाहतो आणि सकाळच्या तासाला तारवटलेल्या डोळ्यांनी येतो. कट्ट्यावर तोच सामना पुन्हा सांगितला जातो, तो मात्र अस्सल कराडी मराठीत. इंग्रजी समालोचनाचा त्यात मागमूस नसतो.

आता दुसरा एक आठवडा पाहू. १८ एप्रिल २०२१, रविवार. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. त्यांत सहा क्लब इंग्लंडचे होते. पंधरा संस्थापकांची जागा कायमची राखीव, कितीही हरले तरी. मंगळवारी लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाबाहेर त्या क्लबच्याच पाठीराख्यांनी रस्ता अडवला, आणि त्या रात्रीत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्या दिवसांतल्या बातम्यांत या योजनेमागची एक विभागणी उघड झाली होती: पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर येणारे ते 'वारशाचे' चाहते, आणि दूरदेशी पडद्यासमोर बसलेले ते 'भविष्याचे' चाहते. भविष्याचा चाहता म्हणजे आमचा मलकापूरचा मुलगा. त्याला क्लबचा इतिहास नको, फक्त मोठी नावे हवीत, असे मालकांनी गृहीत धरले होते.

इथे आमचा मुख्य आक्षेप आहे. मालक आणि मराठीचे वक्ते, दोघांचे या मुलाविषयीचे मत एकच आहे. दोघांच्याही लेखी तो ग्राहक आहे. एकाला त्यात नफा दिसतो, दुसऱ्याला ऱ्हास, एवढाच फरक.

परंतु ग्राहक दुकान बदलतो. सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले आणि पुढच्या दहा हंगामांत मँचेस्टर युनायटेडला एकदाही लीग जिंकता आली नाही. त्या वर्षी शाळेत असताना ज्याने हा क्लब धरला, तो मुलगा विशी ओलांडून गेला, तरी क्लब सोडत नाही. बाजाराच्या कोणत्या नियमात हे बसते?

तो रसिकही नव्हे. काव्यशास्त्रातला सहृदय आपण शिकवतो. पण रसिकाला कंटाळवाणे पुस्तक मिटण्याची मुभा असते. पाठीराख्याला ती नसते. त्याच्या दुःखाचे साधारणीकरण होत नाही, ते त्याचे स्वतःचेच राहते. त्याला हे माहीत असते आणि तरीही पुढच्या शनिवारी तो हजर असतो. ग्राहक आणि रसिक यांच्यापलीकडचे हे तिसरे नाते आहे, आणि आपल्या समीक्षेत त्याला जागा नाही.

हे नाते परके असल्याचा दावा तर हास्यास्पद आहे. मलकापूरशेजारीच खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आहे. १९५२ साली ते हेलसिंकीला गेले ते वर्गणीवर आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. देणाऱ्यांपैकी कोणाला ती कुस्ती दिसणार होती? न पाहताही पाठीशी उभे राहता येते, हे या मातीला ठाऊक होते. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तिथल्या पेठेतल्या माणसाला 'तू याच संघाचा का?' असे कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, तालीम आपली, तो क्लब परक्याचा. मग ब्लॅकबर्नकडे पाहा. एके काळी भारतासाठी धोतरे विणणारे ते गिरणगाव. तिथला, १८८८च्या पहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सभासद असलेला क्लब नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने घेतला. मे २०१२मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला आणि संतापलेल्या प्रेक्षकांतून एक कोंबडी मैदानात सोडली गेली. २०१७मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी वर आला. मालकांनी क्लब चालवण्यासाठी पैसा ओतला, हेही खरे. पण कागदोपत्री क्लब पुण्याचा झाला म्हणून पुणेकर त्याचे पाठीराखे झाले का? मालकी विकत मिळते. आपलेपणा हरलेल्या हंगामांतून साठत जातो. मलकापूरच्या मुलाने तो तसाच साठवला आहे.

निक हॉर्नबी यांनी १९९२ साली आर्सेनलच्या पाठीराख्याचे आत्मकथन लिहिले, आणि इंग्रजीने त्याला साहित्य मानले. मराठीच्या विभागांनी निदान दार उघडावे. अंतर्गत मूल्यमापनासाठी 'पावसाळ्यातील एक दिवस' मागण्यापेक्षा या मुलाकडून त्याच्या एका आठवड्यावर ललित लेख मागावा. हरलेला शनिवार, झोप न लागलेली रात्र आणि सोमवारचा कट्टा, हे सारे त्याच्याजवळ मराठीतच आहे. तो लेख वाचून झाला, की मग त्याच्या मुळांविषयी खुशाल बोलावे.