कुंडी, तुळस आणि मोकळी हवा

घरात चार कुंड्या आणून ठेवल्या की हवा शुद्ध होते, असा समज हल्ली चांगल्या सुशिक्षित घरांतूनही रूढ झाला आहे. झाडांवरील प्रेमापोटी तो कोणी खोडून काढीत नाही. माझ्या मते तो खोडावयास हवा. कारण त्याने खरा प्रश्न झाकला जातो.

या समजाचे मूळ १९८९ सालच्या एका अमेरिकन अहवालात आहे. ‘नासा’साठी काम करणाऱ्या वोल्व्हर्टन यांनी बंद पेट्यांत रोपे ठेवली आणि बेंझीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी घातक द्रव्ये पेटीतील हवेतून कमी होतात, असे दाखविले. प्रयोग खरा, पण आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी असे जुने प्रयोग पुन्हा तपासले. इमारतीत हवेची जी सहज ये-जा होते, तिच्याइतके काम झाडांकडून करून घ्यावयाचे, तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० रोपे लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. मग माणसांनी बसावे कोठे?

तुळस रात्रंदिवस प्राणवायू देते, असेही छातीठोकपणे सांगतात. प्रकाशावाचून कोणतीच वनस्पती प्राणवायू सोडीत नाही. तुळशीची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

मग घरात झाडे ठेवूच नयेत काय? अवश्य ठेवावीत. शिकवणीच्या निमित्ताने पेडणे-डिचोलीकडे माझे जाणे असते. आपल्यापैकी कित्येकांची कुळदैवते गोव्यात असल्याने तिकडची जुनी घरे वाचकांच्या पाहण्यातील असतील. दारी तुळशीवृंदावन, मोठ्या घरांत आपल्या वाड्यांच्या चौकासारखे उघडे राजांगण, परसात केळी, आळू, अडुळसा, कडेला अबोली. त्या घरांत हवा खेळते ती झाडे हवा गाळतात म्हणून नव्हे. झाडांसाठी घर आभाळाला उघडे ठेवलेले असते म्हणून. तुळशीला पाणी घालावयाचे म्हणजे सकाळी बाहेर यावयाचे, कोवळे ऊन अंगावर घ्यावयाचे, वाकून वाळकी पाने खुडावयाची. आरोग्य आहे ते या निगेत.

याला आधारही आहे. रॉजर अल्रिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची टिपणे प्रसिद्ध केली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते रोगी विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. कोरियातील २०१५ सालच्या एका लहान प्रयोगात, रोप कुंडीत लावणाऱ्या तरुणांच्या मनावरील ताण संगणकावर काम करताना होता त्याहून कमी आढळला.

मात्र निगा नसेल तर हीच झाडे अपाय करितात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. ती आठवड्यातून एकदा तरी रिती करून घासावी. डिफेनबेकियासारख्या शोभेच्या झाडाचे पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. लहान मुले असतील तेथे ते नसावे.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. डिचोली हा लोहखनिजाचा मुलूख. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील खाणी थांबल्या. पुढे काही सुरूही झाल्या. खनिजाच्या गाड्या धावतात त्या रस्त्यालगतची पाने तांबडी होतात. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळासाठी हजारो झाडे गेली. २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडत आहेत. माझे वडील दरबारचे गायक. धूळ हा गळ्याचा वैरी, असे ते म्हणत. ज्या घरात खिडकी उघडली की धूळ आत येते, तेथील मुलाला मी ‘खिडकी उघडून षड्ज लाव’ असे कोणत्या तोंडाने सांगू? आणि त्याच्या आईला कोणी ‘एक कुंडी ठेवा’ म्हणून सल्ला दिला, तर ती तिची फसवणूकच नव्हे काय?

तिला हवे आहे ते निराळे: खनिजाच्या गाड्यांवर घट्ट आच्छादन, रस्त्यावर पाणी, रस्त्याकडेला दाट झाडी आणि उरलेल्या झाडांना अभय. हे ग्रामपंचायतीत आणि सरकारदरबारी मागावयाचे असते. रोपवाटिकेत विकत मिळत नाही. कुंडीने मन निवते, तेवढ्यासाठी ती जरूर ठेवावी. हवेचा हिशेब मात्र ज्याचा त्याच्याकडेच मागावा.