ईर्यासमिती आणि गावचा रस्ता

साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये ईर्यासमितीचे स्थान पहिले. सुमारे चार हात पुढची भूमी पाहत, कोणत्याही जीवाला पीडा न होईल असे चालावे, हा तिचा आशय. परंतु मागून मालमोटार कर्णा वाजवीत यावी आणि कडेला पाऊल टाकण्यास जागाच नसावी, तर दृष्टी भूमीवर स्थिर राहील कशी? विहारातील संतांपुढचा हा प्रश्न स्थानकात पायी येणाऱ्या वृद्ध श्राविकेपुढेही रोजच असतो.

पाटोदा हे बालाघाटच्या डोंगरांतील तालुक्याचे गाव. पैठणहून पंढरपूरला निघणारी संत एकनाथ महाराजांची पालखी याच तालुक्यातून पायी जाते. चालण्याची एवढी थोर परंपरा लाभलेल्या परिसरात पादचाऱ्याला रस्त्यावर हक्काची जागा असावयास नको काय?

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्याच पुण्याला 2017 मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र आराखडा मंजूर करावा लागला. डिसेंबर 2021 मध्ये लक्ष्मी रस्ता एक दिवस केवळ पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यात आला. गमावलेली जागा परत मिळविणे किती कष्टाचे असते, हे यावरून दिसते. वाढत्या गावाने ती आरंभीच राखणे अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी फार मोठा खर्च नको. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथ किमान 1.8 मीटर रुंद व निर्वेध हवा आणि त्याची उंची 150 मिलिमीटरहून अधिक नसावी. बसस्थानकाजवळ रिक्षांना निश्चित थांबा असावा. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळतात. त्या सायकली निर्धास्तपणे चालविता येतील असा शाळेपर्यंतचा मार्गही त्यांना मिळावा.

मात्र शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी बाजारपेठेने स्वतःकडे पाहावे. दुकानापुढची चार हात जागा मालाने व्यापली, की पादचारी वाहनांच्या मध्ये लोटला जातो. ती जागा कोणी आपल्याला दिलेली नाही. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रतात त्याचाच त्याग आहे.

चातुर्मासापूर्वी प्रत्येक व्यापारी कुटुंबाने आपला माल उंबऱ्याच्या आत घ्यावा. संतांच्या स्वागताला कमानी उभारण्याआधी त्यांच्या पावलांना वाट मोकळी करून द्यावी. त्याच वाटेने गावातील लेकरेही सुखरूप घरी पोहोचतील.