पाणी केव्हा भरले?

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. पुणे, पिंपरी-चिंचवड परिसरातील सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत उतरते आणि पुढे या जलाशयात येते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आयतेच खत! करमाळा तालुक्यातील केत्तूर, कंदर अशा काठच्या गावांना पाणी हिरवे झालेले दिसते, ते यामुळेच. याच धरणातून सोलापूर शहराला पाणी जाते, आणि यातल्याच चिलापी माशांवर कित्येक कोळी कुटुंबांची चूल पेटते.

मग या पाण्याची तपासणी होत नाही काय? होते. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यान्वये केंद्रीय मंडळ स्थापन झाले. राज्य मंडळांच्या साहाय्याने आज देशात चार हजारांहून अधिक ठिकाणी पाणी तपासले जाते. नमुने बहुधा महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा घेतात. म्हणजे वर्षाच्या 8,760 तासांपैकी एका ठिकाणचे फार तर 12 क्षण आपल्या हाती लागतात.

हे क्षण कोणते, यावर बरेच अवलंबून आहे. विरघळलेल्या प्राणवायूचेच उदाहरण घ्या. 27 अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हिरव्या पाण्यात प्रकाशसंश्लेषणामुळे तो दुपारी याहूनही वाढतो. रात्री प्रकाश नसतो, श्वसन मात्र चालूच राहते. त्यामुळे पहाटे प्राणवायू इतका उतरू शकतो, की मासे वर येऊन तोंड वासतात. दुपारची बाटली पाणी उत्तम असल्याचे सांगेल, पहाटेची धोका दाखवील. आणि दोन्ही आकडे बरोबरच असतील!

पहाटे नमुना घेणे सोपे नाही, हे मान्य. माणसे थोडी, प्रयोगशाळा दूर, आणि बाटल्या बर्फात ठेवून वेळेत पोचवाव्या लागतात. तरीही केंद्रांची संख्या वाढवण्याआधी प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, खोली व तापमान छापावे आणि निदान उन्हाळ्यात पहाटेचा एक नमुना घ्यावा, असे माझे मत आहे.

काठच्या शाळांनाही यात वाटा उचलता येईल. 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते मोजावे. सोबत तापमान व वेळ लिहावी. विद्यार्थिमित्रहो, शिक्षक व जाणता नावाडी बरोबर असल्याखेरीज मात्र पाण्याजवळ जाऊ नका. ही वही प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. पण दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी भरली, तर दोन सरकारी नमुन्यांच्या मधल्या काळात पाणी कसे बदलले, हे तीत दिसेल.