तबकडी हरली, सिनेमा वाचला!

मुलांनो, समजा तुमच्यापुढे दोन तबकड्या ठेवल्या. दोन्ही चकचकीत, दोन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या. एक यंत्रात टाकली की सिनेमा सुरू. दुसरी टाकली, तर यंत्र ढिम्म! असं का बरं?

२००६ साली डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्पष्ट चित्र दाखवणाऱ्या दोन तबकड्या बाजारात आल्या. तोशिबा आणि तिच्या साथीदारांची एचडी डीव्हीडी, आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे. दोघींची चांगलीच जुंपली. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीने यापुढे फक्त ब्लू-रेवरच सिनेमे काढायचं जाहीर केलं आणि पारडं फिरलं. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली. ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडी जमवल्या होत्या, ते बसले हात चोळत!

दोन्ही तबकड्या निळसर जांभळ्या लेसर किरणानेच वाचतात. मग अडतं कुठे? एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, तर ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. त्यामुळे एकीसाठी बनवलेल्या भिंगाला दुसरीची अक्षरं दिसतच नाहीत. शिवाय माहिती मांडायची पद्धतही वेगळी.

पण गंमत अशी, की सिनेमा म्हणजे काही तबकडी नव्हे. सिनेमा म्हणजे तिच्यावर लिहिलेले आकडे! चित्राचे आकडे लिहायच्या ज्या पद्धती एचडी डीव्हीडीत वापरल्या, त्या ब्लू-रेलाही चालतात. म्हणून ते चित्र नव्याने बनवावं लागत नाही. पोळीभाजी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात काढावी, तसंच हे. डबा बदलला, चव तीच. जागाही पुरते. दोन थरांच्या एचडी डीव्हीडीत ३० गिगाबाइट मावतात, दोन थरांच्या ब्लू-रेत ५०. चित्र लहान डब्यात कोंबायचं म्हणून पुन्हा दाबलं, तर मात्र त्यातले बारकावे जातात आणि गेलेले परत येत नाहीत.

आवाजाचं मात्र थोडं वेगळं. एचडी डीव्हीडीवरचा आवाज बऱ्याचदा ब्लू-रेच्या नियमांत बसत नाही, तो बदलून घ्यावा लागतो. सुरुवातीची निवड-यादीही नव्याने करावी लागते. आणि विकतच्या सिनेमाला कुलूप असतं. ते तोडायला अनेक देशांत कायद्याची मनाई आहे. यावर २००९ मध्ये वॉर्नरने अमेरिकेत सरळ वाट काढली. ज्यांच्याकडे जुनी तबकडी होती, त्यांना थोडे पैसे घेऊन त्याच सिनेमाची ब्लू-रे दिली!

या सगळ्यात खरी अडचण कुठली? जुनी तबकडी वाचणारं यंत्र. तबकडी खराब झाली किंवा शेवटचं यंत्र बंद पडलं, की आकडे असूनही नसल्यासारखे.

तुमच्या घरी एचडी डीव्हीडी नसेल, पण आईबाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल ना? ती चालवणारी यंत्रंही आता बनत नाहीत. तीन तासांची कॅसेट उतरवून घ्यायला पूर्ण तीन तास लागतात, कारण ती चालवत चालवतच उतरवावी लागते. तेव्हा या रविवारी कपाट उघडा, काय काय सापडतं त्याची यादी करा आणि बाबांच्या मागे लागा. आजीचा आवाज असलेली कॅसेट बाजारात पुन्हा विकत मिळत नाही!