शून्य आणि गैरहजर

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मास्तराने संगणकाच्या कोडबद्दल मत द्यायचं म्हणजे आगाऊपणाच. पण विषय शेवटी लेखनाचा आहे, आणि त्यावर बोलायचा हक्क काही मी सोडणार नाही!

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. प्रोग्रॅमर मंडळी हल्ली 'एजंट' म्हणवणाऱ्या एआयकडून कामं करून घेतात. 'अमुक दोष शोध आणि दुरुस्त कर' म्हटलं की तो कामाला लागतो. मोठ्या प्रकल्पात कोडच्या लाखो ओळी असतात, त्या एका दमात वाचणं त्यालाही जमत नाही. म्हणून त्याला हाताशी साधनं देतात. एक फाइल उघडून दाखवतं, दुसरं शब्द शोधून देतं, तिसरं एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते सांगतं. प्रत्येक साधनासोबत चार-सहा ओळींचं वर्णन असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी साधनं जोडण्यासाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला, त्यातही साधनाचं नाव, वर्णन आणि त्याला काय माहिती पुरवायची हे लिहून देतात. नव्या साधनाशी एजंटाची ओळख होते ती या मजकुरातूनच.

माझी भाची हेच काम करते. तिने लिहिलेली काही वर्णनं मला वाचायला दिली. भाषा सोपी, व्याकरण चोख. एका ठिकाणी मात्र मी अडलो. 'दिलेला शब्द संपूर्ण प्रकल्पात शोधते' असं लिहिलं होतं. म्हटलं, "संपूर्ण म्हणजे अगदी संपूर्ण?" ती म्हणाली, "तसं नाही मामा, काही फाइली ते सोडून देतं."

आता हे सोडून देणं काही गैर नाही. 'रिपग्रेप' नावाचं शोधाचं साधन २०१६ पासून लोक आवडीने वापरतात. वेगळं काही सांगितलं नाही तर ते लपवलेल्या फाइली, बायनरी फाइली आणि 'गिटइग्नोअर'च्या यादीतल्या फाइली बघतच नाही. त्याच्या माहितीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तेच साधन गुंडाळून एजंटाच्या हाती देताना कुणी 'संपूर्ण प्रकल्पात' लिहिलं, की ही गोष्ट वाटेतच गळून पडते.

मग काय होतं पाहा. एजंट विचारतो, हे फंक्शन कुठे वापरलंय? साधन म्हणतं, कुठेही नाही. खरं तर ते न पाहिलेल्या फाइलीत वापरलेलं असतं. एजंट ते निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि वर अहवाल देतो, 'वापर कुठेही आढळला नाही.' तपासणारा माणूस घाईत असतो, वाक्य ठाम असतं, तो सही करून मोकळा होतो. चूक कळते ती पुढे कधीतरी, गिऱ्हाइकाचं काम अडतं तेव्हा.

आम्ही मास्तर लोक गुणपत्रकात 'शून्य' आणि 'गैरहजर' वेगळं लिहायचो. शून्य म्हणजे मुलाने पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे त्याची परीक्षाच झाली नाही. दोन्हीकडे गुण नाहीत, पण अर्थात जमीनअस्मानाचा फरक. 'शोधलं, सापडलं नाही' आणि 'तिथे शोधलंच नाही' यांतही तोच फरक आहे. तो साधनाने सांगितला पाहिजे, वर्णनात आणि उत्तरातही.

भाचीचं म्हणणं, सगळं लिहीत बसलं तर वर्णन लांबतं, आणि एजंटाच्या वाचनालाही मर्यादा असते. हे खरं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी २०२४ मध्ये 'एसडब्ल्यूई-एजंट'चे प्रयोग केले. त्यात अख्खी फाइल एकदम दाखवण्यापेक्षा शंभर-शंभर ओळी दाखवल्यावर एजंटाचं काम जास्त चांगलं झालं. म्हणजे भाराभर मजकूर हा काही उपाय नव्हे. पण मी भाराभर मागतच नाही. गुणगान एका ओळीने कमी करा आणि त्या जागी मर्यादा लिहा, एवढंच.

यात नवीन असंही काही नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात आज्ञांच्या माहितीमध्ये 'बग्ज' असा एक मथळा असे. आमच्या या वस्तूत काय उणं आहे, ते बनवणाऱ्यांनीच छापून टाकलेलं! त्यांचा वाचक निदान माणूस होता. शंका आली तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारू शकत होता. एजंट मात्र पुष्कळदा लिहिलेलं प्रमाण मानून पुढे जातो. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलं असतात ना, तसा. अशा मुलासाठी फळ्यावर जास्त नेमकं लिहावं लागतं.

आपल्या गोतावळ्यात या धंद्यातली बरीच पोरं-पोरी आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. वर्णन लिहून झालं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे साधन काय पाहत नाही? निकाल मध्येच तोडलेला असेल तर तसं सांगतं का? आणि रिकामं उत्तर आलं तर त्याचा अर्थ शून्य की गैरहजर?