मेमरी स्वस्त झाली म्हणून

माणसाने कशावरून भांडावं, याचे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ठरलेले संकेत आहेत. वावराच्या धुऱ्यावरून भांडावं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडावं, लग्नात मानपानावरून भांडावं, आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर कापसाच्या भावावरून भांडावं. मी मात्र प्रोग्रॅमिंगच्या भाषांवरून भांडतो. त्यामुळे गल्लीत माझी गणना निरुपद्रवी लोकांत होते. बँकेतली कारकुनी संपली, डोक्यावरचे केस संपले, पण संगणकाचा शौक काही संपला नाही. बायकोच्या मते हा शौक नसून व्याधी आहे; ती सांसर्गिक नाही, एवढंच काय ते तिचं समाधान.

तर आजचं भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य असं : "मेमरी आता स्वस्त झालीय!"

आमचा भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअर बनवतो. परवा दिवाळीला आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "काऊन रे, हा निरोप पाठवायचा प्रोग्रॅम निरोप पाठवण्याखेरीज दुसरं काही करत नाही. मग हा माझ्या संगणकाची एवढी मेमरी खातो कशाला?"

"मामा, त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर असतो."

म्हणजे लग्नाची पत्रिका पाठवायची, तर सोबत छापखानाही पाहुण्याच्या घरी पाठवून द्यायचा! वर पाहुण्यानेच त्याला जागा करून द्यायची. मी तसं म्हटल्यावर भाच्याने चकलीचा तुकडा मोडला आणि शांतपणे ते वाक्य टाकलं, "मेमरी आता स्वस्त झालीय मामा. महाग आहे तो प्रोग्रॅमरचा वेळ."

आता बँकेच्या सवयीने थोडा हिशोब मांडतो. १९७१ साली इंटेलने ४००४ नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. मुळात तो एका जपानी कंपनीच्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी बनवलेला. त्यात ट्रान्झिस्टर होते सुमारे २,३००. आज चांगल्यापैकी फोनच्या प्रोसेसरमध्ये ते हजार कोटींच्या वर असतात. एवढी वाढ आमच्या महागाईभत्त्याचीसुद्धा झाली नाही! या हिशोबाने बोट उचलण्याआधीच पडद्यावर काम उरकायला हवं. प्रत्यक्षात काय दिसतं? एक गोल चक्र फिरत राहतं आणि आपण त्याच्याकडे, तेलाच्या घाण्याकडे बैलाच्या मालकाने पाहावं, तसे पाहत बसतो.

मग हे हजार कोटी गेले कुठे? १९७० साली पास्कल ही भाषा देणारे निकलाउस वीर्ट हे स्वित्झर्लंडचे गृहस्थ. सडपातळ सॉफ्टवेअरची रदबदली करणारा एक लेख त्यांनी १९९५ सालीच लिहून ठेवला. यंत्र जितक्या झपाट्याने वेगवान होतं, त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर सुस्त होतं, असं त्याचं सार. वीर्ट २०२४ च्या पहिल्या जानेवारीला वारले. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली, आणि ती वाचायला जे पान उघडावं लागलं ते किती जड होतं, हे मी सांगत नाही.

भाषांचं म्हणाल, तर माझं कोणाशी वैर नाही. सी ही बेल लॅबमधल्या डेनिस रिचींची, १९७२ च्या सुमाराची भाषा. मी तिला आजीची विळी म्हणतो. भाजी झराझरा चिरते. पण लक्ष ढळलं की भाजीबरोबर बोटही जातं. पायथन १९९१ ची. ती आपली मनमिळाऊ वहिनी. कामाला हळू, पण नवख्या पोरालाही हाताशी धरून शिकवते. जावास्क्रिप्ट मात्र १९९५ साली म्हणे दहा दिवसांत उभी केली. आमच्याकडे दहा दिवसांसाठी गणपती बसतो आणि गुलाल उधळत जातोही. हा बसलेला गणपती मात्र तीस वर्षं झाली, विसर्जनाचं कोणी नाव घेत नाही!

पण खरा दोष भाषेचा नाही, सवयीचा आहे. मीठ हवं म्हणून शेजाऱ्याचा अख्खा स्वयंपाकघर उचलून आणण्याची ही सवय. २०१६ च्या मार्चमध्ये एका माणसाने आपला जेमतेम अकरा ओळींचा प्रोग्रॅम सार्वजनिक कोठारातून काढून घेतला. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं! बँकेत हे काम आम्ही टाइपरायटरचा दांडा दाबून करत होतो. पण तेवढ्या अकरा ओळी गेल्या आणि जगभरच्या कितीतरी कंपन्यांची कामं अडली. अकरा ओळी स्वतः लिहायला कोणालाही वेळ झाला नव्हता. वेळ महाग ना!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, दारव्ह्याकडचे. शेतीच्या कामाची माहिती भरायचं एक अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये चढेना. कोणाचं अ‍ॅप, ते विचारू नका. ते एकटं थोडंच तसं आहे? मुदतीचे दोन दिवस उरलेले. फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "भाऊ, हे म्हणते जागा कमी हाय. वावर तर म्या इकलं नाही, मंग जागा कमी कशी झाली?"

मी हसलो, तेही हसले. मग मी फोन उघडून पाहिला. भरायचं होतं ते एवढंच : नाव, गाव, गट नंबर, कपाशी की तूर, किती एकर. पोस्टकार्डावर लिहून वर 'कळावे, लोभ असावा' म्हणायला जागा उरेल. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेतं. म्हणजे हा सगळा मजकूर एक केबीसुद्धा भरत नाही. आणि तो घेऊन जाणारं अ‍ॅप होतं शंभर एमबीच्या वर! मूठभर सरकी न्यायला मालगाडी! जागा करायची तर फोनमधलं काहीतरी पुसणं भाग होतं, आणि फोनमध्ये पुसण्यासारखे होते फक्त त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुसा भाऊ. पोरगी तर हायेच ना."

हे त्या अ‍ॅपच्या हिशोबात कुठेच लिहिलेलं नसतं. मेमरी स्वस्त झाली, कोणाची? प्रोग्रॅमरचा वेळ महाग, आणि आमचा? एका प्रोग्रॅमरने आपला एक दिवस वाचवला आणि लाखभर लोकांचं रोज एकेक मिनिट गेलं, तर ती लाख मिनिटं म्हणजे सोळाशे तासांहून जास्त होतात. रोजचे! बँकेत असा ताळेबंद लिहिणाऱ्याची चौकशी लागली असती. इथे त्याला बढती मिळते.

"त्यांनी फोन बदलायला हवा, मामा," भाचा म्हणाला. "चार वर्षांचा म्हणजे जुनाच झाला." बेटा, यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून या मार्गावर धावलं आणि १९९४ च्या एप्रिलात उतरवलं गेलं. सत्तर वर्षं! तिच्या ड्रायव्हरला कोणी म्हटलं नाही, की रूळ तेच, डबे तेच, पण आता नवीन तिकीट तुमच्या इंजिनाला झेपणार नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पूर्वी पीसीवर मराठी हवी, तर आत वेगळं जिस्ट कार्ड बसवावं लागे. आज दहाव्या वर्गातलं पोर फोनवर 'क्ष' आणि 'र्‍या' सहज उमटवतं. त्यामागे पुष्कळ यंत्रशक्ती खर्च होते, आणि ती खुशाल व्हावी. ज्या वजनाच्या बदल्यात माणसाला काही मिळतं, ते वजन मी डोक्यावर वाहीन. माझी तक्रार आहे ती बदल्यात काहीच न देणाऱ्या वजनाची.

काटकसरीने मोठं काम होत नाही, असंही कोणी सांगू नये. अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक दिला नाही, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकच अजस्र यंत्र न करता, ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून कामाला लावले. त्या कामाचे मुख्य विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. वऱ्हाडी माणसाला थोडक्यात भागवायला वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाजारातला सगळ्यात स्वस्त, चार वर्षं वापरलेला फोन द्यावा, आणि त्याला जुलैच्या पावसात झरी-जामणीच्या एखाद्या धुऱ्यावर, रेंजची एकच काडी दिसते अशा जागी उभं करावं. तिथे त्याचं अ‍ॅप चाललं, तर ते जगात कुठेही चालेल. नाही चाललं, तर घरी जाऊन त्याने ते निम्मं करावं आणि परत यावं. चहा मी पाजीन.

आमचा जिल्हा कापसाचा. ढगासारखा फुगलेला माल पाहून आम्ही हरखून जात नाही. त्यात रुई किती, सरकी किती आणि हवा किती, हे आम्हाला कळतं. म्हणूनच तालुक्यातालुक्यात प्रेसिंग आहेत. खोलीभर कापूस तिथे दाबला जातो आणि गठाण होऊन बाहेर पडतो. हिंजवडीवाल्यांनी तशी एखादी प्रेस आपल्याकडेही टाकावी. निघालेली हवा त्यांनी ठेवून घ्यावी. ती स्वस्त आहे.