पैलतीरावरचे घर

नर्मदा परिक्रमेहून परतलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी आधी त्याच्या पायांकडे पाहतात आणि मग तोंडाकडे. माझ्याही पायांचे असेच कौतुक झाले. २०२२ च्या कार्तिकात बिनपगारी रजा टाकून मी ओंकारेश्वराहून निघालो आणि २०२३ च्या चैत्रात पुन्हा तिथेच येऊन पोहोचलो. दोन्ही तीर मिळून २,६०० किलोमीटरांच्या आसपास चाल होते. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "इतकं चालायचं? मोटार जात नाही का रे तिकडे?"

घरी आल्यावर आठ दिवस मला गादीवर झोप येईना. पहाटे दारात दूधवाला दिसला, तेव्हा सवयीने तोंडातून "नर्मदे हर!" निघून गेले. तीरावर या दोन शब्दांवर परक्या घरातही चहा मिळतो. आमच्या सोसायटीत एक पिशवी जास्त मिळाली आणि महिनाअखेर तिचे पैसे द्यावे लागले.

वैशाखात नाशिकला चुलतबहिणीचे लग्न होते. एरवी या लग्नाला मी नाचत गेलो असतो. यंदा पाय जड झाले होते. काका जानेवारीतच गेले. बी. ए.ची तीन वर्षे मी त्यांच्या घरी राहिलो, त्यांच्याच सायकलवरून कॉलेजात गेलो. आणि ते गेले तेव्हा मी आलो नाही.

परिक्रमेचा नियम असा, की नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित झाली. बहिणीचा फोन आला तेव्हा मी महेश्वरला, उत्तर तीरावर होतो. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या घाटावर संध्याकाळ होत आली होती. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे दक्षिण तीर. खलघाटचा पूल तर नुकताच मागे टाकला होता. त्यावरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता धुळ्यावरून सरळ नाशिकला येतो. रात्रीची एखादी मोटार धरली असती तर सकाळी काकांच्या दारात उभा राहिलो असतो. "दादा, तू अर्ध्यात सोडून येऊ नकोस," असे बहीण रडत रडतच म्हणाली, आणि मी ते वाक्य घट्ट धरून ठेवले. बुडी मारली, दिवा सोडला आणि दुसऱ्या दिवशी मंडलेश्वराच्या वाटेला लागलो. पुढे तीन महिने लोक मला 'महाराज' म्हणून नमस्कार करीत. मला तेव्हा फार ओशाळल्यासारखे होई.

लग्न आधीच ठरलेले होते. वडीलधाऱ्यांनी वर्षाच्या आत उरकायचे ठरवले. कार्यालयात पोहोचलो तर काकू कोठीघरात नारळ मोजत होत्या. मी वाकलो. त्यांनी नेहमीसारखाच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कन्यादानाला तुम्ही दोघं बसायचं."

मला काही बोलताच येईना. शेवटी धीर करून म्हणालो, "काकू, माझा काय अधिकार? तुम्हीच बसा ना."

"मी कशी बसू?" एवढेच बोलून त्या पुन्हा नारळांकडे वळल्या.

हा प्रश्न मी वर्गात कादंबरी शिकवताना अनेकदा मोठ्या आवेशाने सोडवला आहे. कोठीघरात मात्र माझी वाचा बसली. तो सोडवला नवरीनेच. मुंडावळ्या बांधलेल्या डोक्याने ती दारात आली आणि म्हणाली, "दादा-वहिनी बसू देत. पण धार आईच धरेल. नाहीतर मी बोहल्यावर चढत नाही." आत्याने पदर सावरत काहीतरी पुटपुटले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि शास्त्राची हरकत नसल्याचे सांगितले. शास्त्राला एवढ्या चटकन राजी होताना मी तरी प्रथमच पाहिले!

मंगलाष्टकांत नद्यांची नावे येतात. नर्मदेचे नाव आले आणि मी अक्षता टाकायच्या विसरलो. शेजारच्या पोराने माझ्या मुठीतल्या घेऊन टाकल्या. ओंकारेश्वराहून आणलेले थोडे पाणी माझ्या पत्नीने झारीत घातले होते. खाली काशाचे भांडे, वर आमचे हात आणि त्यांवर काकूंच्या हातची धार. धार मध्येच थरथरली, पण तुटली नाही.

रात्री वरात गेली. रुखवताचे टेबल रिकामे झाले, मंडपवाले खुर्च्या एकात एक घालू लागले. कोठीघरात काकू आणि मी भांडी आवरत होतो.

"त्या दिवशी तू कुठे होतास?" त्यांनी विचारले.

"महेश्वरला. घाटावर."

"दिवा सोडलास?"

"सोडला."

त्यांनी एक पातेले पालथे घातले. "बरं केलंस. पण तू यायला हवं होतंस."

"हो," मी म्हणालो. त्याला दुसरे उत्तर नव्हतेच.

थोड्या वेळाने त्यांनी भांड्यांची यादी माझ्या हातात दिली. "मोज नीट. सकाळी कार्यालयवाले हुज्जत घालतील."

यादीत सतरा पातेली होती, भरली सोळा. रात्रीचा एक वाजून गेला तरी आम्ही दोघे बॅटरी घेऊन सतरावे पातेले शोधत होतो.